त्यात काय एवढं, म्हणणाऱ्यांसाठी

मूळव्याधीची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला भेटायला कुणी येत नाही. अपेंडिक्स काढलं तर शहाळी येतात, मोतीबिंदू काढला तर फोन येतात, गुडघा बदलला तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचा पाऊस पडतो. या माणसाच्या वाट्याला येतो तो हसू दाबत काढलेला एक सूर: ‘अरे, ते होय! त्यात काय एवढं? दहा मिनिटांचं काम. आमच्या साडूंचं झालं की मागच्या वर्षी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर!’

या साडूंना मला एकदा भेटायचंय. मी त्या ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो तेव्हापासून ज्याने ज्याने चौकशी केली त्याने आपापल्या साडूंचा दाखला दिला. मराठी घराघरांतून पसरलेली ही पोलादी बैठकीची जमात प्रत्यक्षात कधीच समोर येत नाही. आली असती तर मी एवढंच विचारलं असतं, ऑफिसात गेलात खरे, पण बसलात का?

या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मांडतो, म्हणजे अन्याय नको. मूळव्याध हा काही आजारांतला आजार नव्हे. तिखट खाऊन, जागरणं करून माणसाने तो स्वतः ओढवून घेतलेला असतो. आता तर लेझर आलं आहे, त्यामुळे दुखायचं कारणच उरलेलं नाही. उपचार एवढासा, तेव्हा बरं व्हायलाही एवढासाच वेळ लागणार. ज्याला जास्त लागतो तो एक तर नाजूक किंवा कामचुकार. आणि इतकं सगळं समजावूनही कुणाला दुखलंच, तर त्याने ते चारचौघांत बोलू नये, कारण विषय घाण आहे.

आधी ती दहा मिनिटं घेऊ. ती कुणाची? शल्यचिकित्सकाची. त्याने हातमोजे काढून पुढच्या केसकडे मोर्चा वळवला की त्याचं घड्याळ थांबतं आणि रुग्णाचं सुरू होतं. बरं होणं किती अवघड हे आपण उपचार किती वेळ चालला यावरून ठरवतो, हा हिशेब कुणी कधी तपासला आहे का? विंचू चावायला क्षणभरच लागतो.

अगदी साधा प्रकार घ्या, बँडिंगचा. गुदमार्गात आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या भागाला टोचल्या-कापल्याचं जवळपास कळत नाही. खालच्या भागाला मात्र सगळं कळतं, आणि फार तीव्र कळतं. म्हणून रेषेच्या वर असलेल्या मूळव्याधीच्या कोंबाच्या मुळाशी रबराचं बारीक कडं बसवायचं. रक्तपुरवठा तुटतो, कोंब सुकतो आणि गळून पडतो. भूल नाही, टाका नाही. डेट्रॉइटच्या बॅरन यांनी १९६३ च्या सुमारास ही पद्धत रुळवली आणि ती चांगलीच पद्धत आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. बऱ्याच जणांना त्यानंतर एकदोन दिवसांत कामावर जाताही येतं. एवढं मी साडूंना देऊन टाकतो. याहून जास्त नाही.

कारण कोंब गळतो कधी? साधारण पाच ते दहा दिवसांनी. तो गळला की तिथे छोटीशी जखम उघडी पडते आणि रक्त जाण्याची शक्यता असते ती तेव्हा. म्हणजे घरातले, ऑफिसातले सगळे ‘झालं एकदाचं’ म्हणून विसरलेले असतात, नेमका त्याच आठवड्यात हा माणूस संडासाचं दार लावून भांड्यातला लाल रंग बघत असतो. हे अपेक्षित आहे, थोडं गेलं तर घाबरायचं नाही आणि थांबेनासं झालं, गुठळ्या पडल्या, ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच रुग्णालय गाठायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं असतं का? ‘दुसऱ्या दिवशी कामावर’ एवढंच ज्याला सांगितलं, त्याने या रक्ताचा अर्थ काय लावायचा?

आणि कोंब मोठे असतील, बाहेर येऊन आत जातच नसतील, तर रबराचं कडं पुरत नाही. बऱ्याचदा कापावेच लागतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलेली पद्धत आजही जगभर चालते. तिच्यात कोंब कापून जखमा मुद्दाम उघड्या ठेवतात, म्हणजे त्या आतून हळूहळू भरत येतील. हळूहळू म्हणजे आठवडे. भूल बहुधा कमरेतून दिलेली असते. ती उतरताना कित्येकांची लघवी तुंबते. शिवाय तिथला आतला स्नायू आपल्या हुकमात नसतो. जखम झाली की तो आकसून बसतो आणि पहिल्या दिवसांतलं बरंचसं दुखणं या आकसण्याचं असतं. म्हणून तर कोमट पाण्यात बसायला सांगतात, तो स्नायू सैल व्हावा म्हणून. जखमेचा आकार बोटाच्या पेराएवढा असेल. तिची जागा मात्र शरीराने सर्वांत गैरसोयीची निवडलेली आहे.

हाताचं हाड मोडलं तर प्लास्टर घालून तो हात गळ्यात अडकवतात आणि महिनाभर त्याला साधा पेला उचलू देत नाहीत. इथे जखमेला रोज कामावर हजर व्हावं लागतं, आणि तेही नेमक्या त्या कामावर, ज्याने ती चिडते. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या ताज्या जखमेला हा नियम लागू आहे?

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या शौचाबद्दल आपल्याकडे कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. त्या प्रसंगाची भीती शस्त्रक्रियेच्या भीतीपेक्षा मोठी असते. भीती वाटली की माणूस सगळ्यात साधा आणि सगळ्यात चुकीचा उपाय करतो: जेवण तोडतो. पोटात गेलंच नाही तर बाहेर येणार कसं, असा हा हिशेब. वर वेदनाशामक गोळ्या. त्यांतल्या कडक गोळ्या आतडी सुस्त करतात. पाणीही कमी, कारण उठून बाथरूमला जाणं नको वाटतं. तीनचार दिवसांनी जे ठरवून टाळलं ते येतंच, पण खड्यासारखं होऊन. मग कुंथणं, रक्त, पुन्हा भीती, पुन्हा उपास. या चक्रात सापडलेल्या माणसाला लोक नाजूक म्हणतात. त्याला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणीतरी पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं की बाबा रे, पोटभर जेव, भाजी-फळं खा, इसबगोल घे पण त्यावर भरपूर पाणी पी, शौच मऊ ठेवणारं औषध दुखायची वाट न बघता सुरू कर, कळ आली की थोपवू नकोस आणि तिथे मोबाइल घेऊन बसू नकोस. ही पाच मिनिटं त्या प्रसिद्ध दहा मिनिटांइतकीच मोलाची आहेत. त्यांचं बिल लावता येत नाही, म्हणून ती कुणी देत नाही, असं मी म्हणणार नाही. पण शंका येते.

दुसऱ्या दिवशी हजर झालेल्यांचा एक तरी खरा दाखला द्यायचा तर अमेरिकेत जावं लागेल. जॉर्ज ब्रेट नावाचा नामांकित बेसबॉलपटू १९८० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मूळव्याधीच्या वेदनेने सामना अर्धवट टाकून गेला. मधल्या सुटीच्या दिवशी त्याच्यावर किरकोळ शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच सामन्यात त्याने होमरन मारला. घ्या, झाला साडूंचा विजय! फक्त दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे बेसबॉल उभ्याने खेळतात. आणि दुसरी, पुढच्या वर्षी याच गड्याला पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि सरावाचे दोन आठवडे बुडाले. दाखला देणारे गोष्ट नेहमी होमरनपाशी थांबवतात.

आता लेझर. एसटी स्टँडपासून लोकलच्या डब्यापर्यंत कुठेही बघा, ‘बिना ऑपरेशन, बिना टाका, बिना वेदना’ ही त्रिसूत्री चिकटवलेली दिसते. तालुक्याच्या गावी हे काम ‘बंगाली डॉक्टर’ नावाची पाटी करते, शहरात चकचकीत दवाखाना करतो. मजकुरात फारसा फरक नाही. लेझरने बऱ्याच रुग्णांना दुखणं कमी होतं हे खरं. स्टेपलरच्या पद्धतीनेही सुरुवातीला कमी दुखतं. इटलीच्या लोंगो यांनी १९९८ मध्ये ती पद्धत आणली तेव्हा आता कापाकापी संपली असंच वाटलं होतं. पुढे दिसलं की तिच्यानंतर कोंब पुन्हा येण्याचं प्रमाण कापण्यापेक्षा जास्त आहे. प्रत्येक पद्धत काहीतरी देते आणि काहीतरी मागते. कमी दुखणं आणि मुळीच न दुखणं यांतलं अंतर जाहिरातवाल्याने गिळलं, तर त्याची भरपाई रुग्ण करतो, तीही दोनदा. एकदा दुखतं म्हणून आणि दुसऱ्यांदा ‘दुखायला नको होतं, माझंच काहीतरी बिघडलं’ या धास्तीने. पाटीवाल्या वैदूंचं तर विचारूच नका. त्यांनी कसलीशी जहाल औषधं टोचून मार्गच आक्रसून टाकलेले रुग्ण शल्यचिकित्सकांकडे येत असतात. ‘त्यात काय एवढं’ या वृत्तीची ही खरी फळं. जिथे काही विशेष नाहीच, तिथे शिकलेला डॉक्टर हवाच कशाला?

‘तिखट खाल्लंस, भोग आता.’ हे वाक्य उच्चारायला आपल्याकडे शिक्षणाची अट नाही. कोल्हापूरकराला ते पुण्यात ऐकावं लागतं आणि पुणेकराला घरातच. मुळात हे कोंब म्हणजे बाहेरून आलेली ब्याद नव्हे. त्या जागी रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच असतात. दार नीट बंद राहावं यासाठी त्यांचा उपयोग असतो. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९७५ मध्ये हे नीट दाखवून दिलं. त्या गाद्या सुजल्या, खाली घसरल्या की त्याला आपण मूळव्याध म्हणतो. बद्धकोष्ठ, कुंथणं, गरोदरपण, वय ही त्यामागची नेहमीची कारणं. मिरचीबद्दल इटलीत रीतसर चाचणी झाली, कुणाला खरी मिरची आणि कुणाला खोटी गोळी हे लपवून. २००६ मध्ये तिचा निष्कर्ष छापून आला: मिरचीने मूळव्याधीच्या लक्षणांत फरक पडला नाही. उलट २००७ मध्ये नागपुरातल्या एका अभ्यासाने सांगितलं की शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत लाल तिखटाने आग वाढते. दोन्ही एकत्र वाचा. ताजी जखम असताना ठेचा बाजूला ठेवा, हा शहाणा सल्ला आहे. पण ठेच्याने हा आजार आणला, हा आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा लागतो. घरोघरचे न्यायाधीश मात्र सल्ल्याच्या जागी शिक्षा सुनावून मोकळे होतात.

यातलेच काही परंपरेचे अभिमानी असतात. सुरण खा, ताक पी, नागकेशर लोण्यातून घे, अमुक धातूची अंगठी घाल. ‘आपल्या आयुर्वेदात सगळं आहे’ हे त्यांचं पालुपद. आहे ना! सुश्रुताने अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले आहेत. कुठल्या टप्प्याला काय वापरायचं याचा विवेकही त्यात आहे. आणि त्याच सुश्रुताने ज्या आठ रोगांना महागद म्हटलं, बरे व्हायला अत्यंत कठीण म्हणून वेगळे काढले, त्यांत कुष्ठ आणि प्रमेहाच्या पंगतीला अर्श बसवला आहे. ‘त्यात काय एवढं’ हे मत त्याच्या ग्रंथात मला तरी सापडलं नाही. अभिमान बाळगायचा तर निदान अनुक्रमणिका तरी चाळावी.

एक मुद्दा मला सगळ्यात जास्त डाचतो. शस्त्रक्रियेनंतर हाती देतात तो सूचनांचा कागद वाचा: ‘दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसा. शौचाला घाई करू नका. प्रत्येक वेळी पाण्याने स्वच्छ करा. जागा कोरडी ठेवा.’ हा कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्वतःचं बाथरूम असलेलं घर आहे. मुंबईच्या चाळीत मजल्याच्या टोकाला सार्वजनिक संडास, बाहेर डबे-बादल्यांची रांग आणि आतल्याला ‘आटपा की!’ म्हणून दार ठोठावणारे शेजारी. वस्तीत तर पहाटे उठून दूरच्या शौचालयापर्यंत चालत जायचं, पैसे देऊन. तिथे घाई करू नका म्हणजे नेमकं काय करायचं? एका खोलीत सून, सासरा, नातवंडं असताना टबात बसायचं कुठे आणि पडदा कशाचा लावायचा? ज्याला हे सगळं असूनही दुसऱ्या दिवशी हातगाडी ओढावी लागते, रिक्षा चालवावी लागते, बंदोबस्तात उभं राहावं लागतं, तो बरा झाला म्हणून कामावर गेलेला नसतो. त्या दिवसाचे पैसे बुडाले तर चूल पेटणार नाही, म्हणून गेलेला असतो. त्याची ही नाइलाजाची हजेरी आपण ‘बघा, काही होत नाही’ याचा पुरावा म्हणून वापरतो.

बायकांची कथा याहून वेगळी आणि वाईट. गरोदरपणात आणि बाळंतपणात हा त्रास किती जणींना सुरू होतो हे प्रत्येक सुईणीला ठाऊक आहे आणि घरात कुणालाच नाही. डॉक्टर पुरुष असेल तर दाखवायचं कसं, इथपासून सुरुवात. मग ‘अंगावरून जातंय’ एवढ्यावर वर्षानुवर्षं भागवलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. अशा राज्यात रोज थेंब थेंब रक्त जाणं ही क्षुल्लक बाब कशी? शस्त्रक्रिया झालीच, तर रुग्णालयातून आल्या आल्या पोळपाट-लाटणं तिची वाट बघत असतं, कारण साधंच तर काम होतं, आणि सासूबाईंना गुडघेदुखी आहे. वर शौचातून जाणारं प्रत्येक रक्त मूळव्याधीचंच असतं असंही नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग याच वेषात येतो. बोलायला लाजणारा समाज त्याला वेळ मिळवून देतो, दुसरं काय.

राहिलं हसणं. या जागेवर विनोद करायला माझी मनाई नाही. मीही केले आहेत, वरच दोनचार सापडतील. पण गुडघ्याच्या रुग्णाला विनोदाबरोबर उशीही मिळते. याला फक्त विनोद मिळतो, म्हणून तो खोटं बोलतो. ‘पोटाचं छोटं ऑपरेशन’, ‘हर्नियाचं बघायचं होतं’, ‘गावी काम निघालं’. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मूळव्याधीमुळे ठरलेलं कामकाज रद्द केलं, आणि ते कारण वर्तमानपत्रांत छापून आलं. अण्वस्त्रांची किल्ली बाळगणाऱ्या माणसाला जे सांगता आलं, ते आपल्याला हेडक्लार्कला सांगता येत नाही.

तरी या आजाराला गांभीर्याने घेणारं एक खातं देशात आहे, हे नमूद करायला हवं. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी उघडून बघा. मूळव्याध, भगंदर, फिशर यांना साधारण दोन वर्षांची प्रतीक्षा लावलेली असते. तोवर दावा मिळत नाही. पैसे द्यायची वेळ आली की हा आजार एकदम भारदस्त होतो आणि रजा द्यायची वेळ आली की त्याच माणसाला ऑफिस सांगतं, अहो, डे-केअर तर होतं! दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

तेव्हा साडूंच्या पंथाने आता एवढं करावं. डॉक्टरांनी ‘हलका आहार, आराम’ असा गुळमुळीत शेरा न मारता बँडिंग केलं की कापलं ते लिहावं, रक्त कधी जाईल, किती चालेल, कधी धावत यायचं ते मराठीत लिहावं, आणि पहिल्या शौचाबद्दल रुग्णाशी समोर बसून बोलावं. कापलेल्या माणसाला दोन आठवडे, लागले तर त्याहून जास्त, बसायच्या आणि वाहन चालवायच्या कामातून सुटका मिळावी. एसटीच्या चालकाला तर नक्कीच, कारण आपल्या रस्त्यांचे खड्डे कुठल्याच वैद्यकीय ग्रंथात गृहीत धरलेले नाहीत. घरच्यांनी पाणी तापवून द्यावं आणि बाथरूमचं दार ठोठावू नये. आणि रुग्णांनो, रजेच्या अर्जात ‘पोटाचा त्रास’ लिहिणं बंद करा. ‘मूळव्याधीची शस्त्रक्रिया’ असंच लिहा, ठळक अक्षरात. साहेबांनी भुवई उंचावली तर जखम कुठे आहे, ती उघडी का ठेवली आहे आणि रोज सकाळी तिला काय करावं लागतं हे क्रमाने, न लाजता, सविस्तर सांगायला सुरुवात करा. दुसऱ्या वाक्याच्या आत सही होईल.